पट्टा उलटा करून बघा: नाजूक कातडीच्या कुत्र्यासाठी गळपट्टा निवडताना

कुत्र्याचा गळपट्टा घेताना बहुतेक जण तो समोरून बघतात. रंग कसा आहे, कडी चकाकते का, वर पावलांची नक्षी आहे का. कुत्र्याच्या मानेला यातलं काहीच लागत नाही. तिला लागते ती मागची बाजू: शिलाईची गाठ, रिवेटचं बूड, कापलेली कड, आतलं अस्तर. ज्याची कातडी नाजूक आहे अशा कुत्र्यासाठी पट्टा घ्यायचा असेल तर दुकानात तो आधी उलटा करा आणि किंमत मग विचारा.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर टेबलावर माल उलटासुलटा करून सुटलेला धागा, टोचणारी किनार, कच्चा रंग हुडकणं हेच माझं काम. आमच्या चिंगीचा पट्टाही मी त्याच नजरेने बघते. चिंगी कारवानी आहे. सोलापूर, लातूर आणि कर्नाटकाच्या सीमेलगत वाड्यावस्त्यांवर दिसणारी ही शिकारी जात. मुधोळ हाउंड म्हणतात ते याच घराण्यातलं. यांच्या अंगावर केस अगदी आखूड आणि कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे पट्टा थेट कातडीवर घासतो. त्यात चिंगीची मान लगेच लाल होते. पुढे जे लिहिलंय ते तिच्यासाठी बघता बघता जमत गेलेलं आहे, पण लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन, पग किंवा गल्लीतून घरी आणलेलं पिल्लू, कोणालाही लागू पडेल.

आधी ठरवा, दोष पट्ट्याचाच आहे का

नवा पट्टा आणायला निघण्याआधी जुना काढा, कुत्र्याला उजेडात बसवा आणि मानेवरचे केस उलटे फिरवून नीट बघा. लाली बरोबर पट्ट्याच्या रुंदीएवढी असेल, किंवा फक्त बकलाखाली नाहीतर कडीखाली असेल, आणि बाकी अंग स्वच्छ असेल, तर पट्ट्यावर संशय घ्यायला हरकत नाही. पण कुत्रं पंजे चाटत असेल, कान खाजवत असेल, काखेत आणि पोटाखाली लाल दिसत असेल, तर ती धुळीची, परागकणांची किंवा खाण्याची अॅलर्जी असू शकते. तिथे जगातला सगळ्यात मऊ पट्टा आणला तरी खाज थांबणार नाही. शेपटीच्या बुडाशी जास्त चावत असेल तर पिसवा शोधा. गोल चट्टा पडून केस गेले असतील आणि कडेला कोंडा दिसत असेल तर गजकर्ण असू शकतं. ते माणसांनाही लागतं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर थांबू नका.

गोचीड हा आपल्याकडचा कायमचा त्रास. पट्ट्याखालची जागा झाकलेली आणि उबदार असते, म्हणून गोचिडी तिथे, कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत दडतात. पट्ट्याखालचा लाल फोड हा घासल्याचा आहे की गोचीड चावल्याचा, हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढायची. तिच्यावर रॉकेल ओतायची जुनी सवय अनेक घरांत आहे. कृपा करून ती सोडा, रॉकेलने कातडी भाजते. आणि गोचीड निघाल्यानंतर कुत्रं मलूल झालं, ताप आला, खाणं सोडलं, तर डॉक्टरकडे न्यायचंच, कारण गोचिडीपासून येणारा ताप जिवावर बेततो.

जागा ओली असेल, वास येत असेल, पू असेल किंवा केस झुपक्याने गळत असतील तरीही डॉक्टर. ते कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि खरजेचे किडे आहेत, बुरशी आहे की जंतू, हे सांगतात. तोवर मानेत कुठलाच पट्टा नको. घरातलं माणसांचं मलमही नको. कुत्रं ते चाटणार, आणि झिंक ऑक्साइड असलेली मलमं पोटात गेली तर विषारी ठरतात.

आपली कातडी आणि त्यांची कातडी यांत फरक आहे, हे एकदा लक्षात घेतलं की बाकीच्या गोष्टी आपोआप पटतात. कुत्र्याच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर पेशींच्या साधारण ३ ते ५ पदरांचा असतो, माणसाचा १० ते १५. केस असतात म्हणून ती आपल्याला राकट वाटते. केसांखाली ती आपल्यापेक्षा नाजूक असते.

कड, शिलाई, रंग

पट्टा मऊ आहे का हे सगळे जण तो मधोमध चिमटीत धरून बघतात. मध्यभाग क्वचितच त्रास देतो. कातडी कापते ती कड. नव्या नायलॉनच्या पट्टीची कड करकरीत असते, आणि जिथे पट्टी कापून वितळवलेली असते तिथे कडक मणी तयार झालेला असतो. आपल्या बोटांना कामाने घट्टे पडलेले असतात, त्यांना काही कळत नाही. म्हणून पट्ट्याची कड मनगटाच्या आतल्या बाजूवरून थोडा दाब देऊन ओढा. तिथे कातडी पातळ असते. पांढरी रेघ उमटून राहिली किंवा ओरखडल्यासारखं वाटलं तर तो पट्टा जागेवर ठेवून द्या, कितीही छान दिसत असला तरी. कड दुमडून शिवलेली किंवा वेगळ्या मऊ पट्टीने बांधलेली असेल तर उत्तम.

मग शिलाई. दोरा कसला आहे ते बघा. तंगूसासारख्या पारदर्शक दोऱ्याने शिवलेले स्वस्त पट्टे बाजारात खूप दिसतात. तो दोरा तुटत नाही खरा, पण एखादं टोक सुटलं की तेच टोक दिवसभर मानेत टोचत राहतं. सुती किंवा पॉलिएस्टरचा वळलेला दोरा बरा. शिलाईचा शेवट आणि गाठी आतल्या बाजूला आल्या असतील तर बोटाने चाचपा. रिवेट असेल तर त्याचं आतलं बूड सपाट आहे का, त्यावर कापडाची झाप आहे का, हेही तिथेच बघायचं.

रंगाची परीक्षा घरी करता येते आणि ती करावीच. आम्ही कारखान्यात पांढऱ्या सुती तुकड्याने माल आधी कोरडा घासून बघतो, मग तुकडा ओला करून घासतो. पट्ट्यालाही तेच करा. गडद लाल, काळा, निळा असेल तर जरा जोर लावून. तुकड्यावर रंग उतरला तर तोच रंग लाळेने, पावसाने, आंघोळीच्या पाण्याने मानेवर उतरणार. नाजूक कातडीसाठी मी फिकट रंगाचा पट्टा घेते. त्यावर लाल डाग, पिसवांची घाण, गोचीड असं सगळं चटकन दिसतं, हा आणखी एक फायदा.

वासही घ्या. नाकाशी धरल्यावर गोंदाचा किंवा रसायनाचा उग्र दर्प आला तर तो पट्टा नाजूक कातडीचा नव्हे.

कुठल्या मालाचा घ्यावा

सुती पट्टा, म्हणजे खाटेला लावायची नवार असते तशी जाड विण, हा माझा पहिला पसंतीचा माल. हवा खेळते, धुऊन धुऊन आणखी मऊ होतो. नव्या नवारीला खळ असते, ती काढल्याशिवाय घालायचा नाही: रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दोनदा चोळून धुवा. दोष एकच, सुती पट्टा पाणी धरून ठेवतो आणि ओला पट्टा मानेत राहिला की खालची कातडी ओलसर होऊन जंतू धरते. म्हणून सुती घेणार असाल तर दोन घ्या, एक मानेत आणि एक दोरीवर.

नायलॉन लवकर वाळतो, मजबूत असतो. कड चांगली असेल तर पावसाळ्यात चालेल. रेक्झिनचे पट्टे मात्र मी कोणालाच सुचवत नाही. वरून चामड्यासारखे दिसतात, आत फोम किंवा पुठ्ठा असतो, गोंदाने चिकटवलेले असतात. आपल्या उन्हात काही महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि त्या पापुद्र्यांच्या कडा मानेला लागतात.

लोकरी अस्तराचे, जाड रबरी फोमच्या अस्तराचे पट्टे हातात घेतल्यावर फार मऊ लागतात. थंड हवेच्या गावात ठीक असतील. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. अशा हवेत ते अस्तर उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवतं, शिवाय रबरी फोममधल्या रसायनांची काही कुत्र्यांना अॅलर्जी येते. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, पहाटेच्या थंडीत लोकरी अस्तर चालून जाईल. उन्हाळ्यात नको.

हल्ली पॉलिएस्टरच्या पट्टीवर प्लास्टिकचा लेप दिलेले पट्टेही मिळतात. ते पाणी पीत नाहीत, ओल्या फडक्याने पुसले की स्वच्छ. तलावात, डबक्यात उतरणाऱ्या कुत्र्याला ते सोयीचे. फक्त कड गोल केलेली आहे ना, तेवढं बघा.

आता चामडं, कारण याबद्दल लोकांचे दोन टोकांचे समज आहेत. कोणी म्हणतं चामडं सगळ्यात चांगलं, कोणी म्हणतं अजिबात नको. खरं तर ते कशाने कमावलंय यावर सगळं आहे. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि क्रोमियमची अॅलर्जी माणसांप्रमाणे काही कुत्र्यांनाही येते. दुसरी पद्धत झाडपाल्याची: बाभळीची साल, हिरडा. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावतात, आणि त्या चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपला सोलापूर जिल्हाही आहे. म्हणजे असं चामडं आणि ते हाताळणारे कारागीर आपल्यापासून लांब नाहीत. तयार पट्ट्यांच्या गर्दीत शोधण्यापेक्षा चपला शिवणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घेणं सोपं पडतं.

मी आमच्या भागातल्या मामांकडे गेले तेव्हा सांगितलं होतं, आतून अस्तर चिकटवू नका, कडा घासून गोल करा आणि रिवेटच्या जागी शिलाई मारा.

“कुत्र्याला एवढं कोण बघतंय वो ताई?” मामा म्हणाले. “रिवेट टिकतो चांगला.”

“तिची कातडी टिकायला पाहिजे मामा. हे बघा, इथं लाल झालंय.”

त्यांनी चिंगीची मान बोटाने चाचपली आणि मग चामड्याचे तुकडे एकेक करून स्वतःच्याच मनगटावर घासून बघू लागले. निवडला तो तुकडा आजही मऊ आहे. करून घेतलेल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला बूटपॉलिश कधी लावायचं नाही, एवढं पाळा. आणि तो भिजला तर उन्हात नाही, सावलीत वाळवायचा, नाहीतर कडक होऊन पुन्हा कडा टोचतात.

साखळीचा पट्टा नाजूक कातडीला अजिबात नको. केस तुटतात, धातू उन्हात तापतो. घुंगरू आणि मण्यांचे हौशी पट्टेही नको, प्रत्येक मण्याखाली घासणारा एक बिंदू तयार होतो.

बक्कल आणि कडी

बरेच जण मालाला दोष देतात आणि खरा त्रास धातूचा असतो. स्वस्त बकलांवर निकेलचा मुलामा असतो, आणि निकेल हे अॅलर्जीचं ओळखीचं कारण आहे. मुलामा झिजला, खालचा तांबूस किंवा काळा धातू दिसायला लागला की बक्कल बदला. लाली फक्त बकलाएवढ्या चौकोनात असेल तर जवळजवळ हेच कारण समजा. भरीव पितळेची कडी चालते. बैलांचा साज विकणाऱ्या दुकानांत, जिथे म्होरक्या आणि घुंगरमाळा टांगलेल्या असतात, तिथे चांगल्या पितळी कड्या मिळतात आणि मोची त्या पट्ट्यात बसवून देतात. प्लास्टिकची क्लिप हलकी आणि निर्धोक असते, पण आपल्या उन्हात ती ठिसूळ होते, अधूनमधून वाकवून तडा बघत जा. धातू कुठलाही असो, त्याच्या आणि कातडीच्या मध्ये मऊ सुती कापडाची झाप हवी. जुन्या धोतराची दुहेरी पट्टी यासाठी फार चांगली. टॉवेलचं कापड घेऊ नका, त्याच्या फासांत केस अडकतात आणि ओल राहते.

माप आणि रुंदी

शिंप्याची टेप मानेच्या मध्यावर ठेवा, खाली आपली दोन बोटं सपाट घाला आणि मग जे माप येईल ते घ्या. अगदी लहान जातीला एकच बोट. पट्टा सैल असला की गोल फिरून घासतो, घट्ट असला की एकाच जागी दाबतो, दोन्हींनी लाली येते. वाढत्या पिल्लाचं माप दर आठवड्याला तपासा.

रुंद पट्टा ताण जास्त जागेवर पसरवतो, म्हणून लांब मानेच्या, ओढणाऱ्या कुत्र्याला रुंद पट्टा बरा. कारवानी आणि मुधोळ यांची अडचण वेगळीच असते. यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं. पट्टा आरामशीर ठेवला तर मागे सरकून डोकं सोडवून घेतात, आणि निसटू नये म्हणून आवळला तर मान सोलते. यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा दोन फासांचा पट्टा असतो: ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळतो आणि लगेच सैल होतो. दीड ते दोन इंच रुंद, पूर्ण कापडी घ्या, लहान फास साखळीचा नको. पूर्ण ओढल्यावर मोठ्या फासाच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, मध्ये दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे, नाहीतर तो गळा आवळणाऱ्या पट्ट्यासारखाच झाला. हा फक्त फिरायला नेताना घालायचा. घरी एकटं असताना कशात अडकला तर धोका.

लांब केसांच्या पॉमेरेनियनला गोल वळलेलं मऊ चामडं बरं, केसांची जट होत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मानेला दोरी लावूच नये; त्याला छातीवरून जाणारा, वाय आकाराचा हार्नेस घ्या आणि कड मानेऐवजी काखेत तपासा. ज्यांची मान बरी होत आली आहे त्यांनाही काही दिवस हार्नेसच.

घालायची आणि धुवायची रीत

नवा पट्टा धुतल्याशिवाय घालू नका. पहिल्या दिवशी तासभर, काढा, मान बघा. लाली नसेल तर दुसऱ्या दिवशी जास्त वेळ. घासल्याने होणारी लाली लगेच दिसते, पण अॅलर्जी उमटायला दिवस लागतात, कधी आठवडेही, म्हणून निदान दोन आठवडे रोज संध्याकाळी हात फिरवून बघायचं. त्या दोन आठवड्यांत शाम्पू, खाणं, गोचिडीचं औषध काहीच बदलू नका, नाहीतर कशाने झालं ते कळणार नाही.

रात्री पट्टा काढा. दार बंद, कुत्रं घरात, तर मानेत पट्ट्याचं काम काय? सात-आठ तास हवा लागली की कातडी स्वतःच बरीच सावरते.

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधे बोअरवर भागवावं लागतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि साबण नीट निघतही नाही. तो उरलेला साबण मानेला खाज आणतो. पट्टा बोअरच्या पाण्यात धुतलात तरी शेवटचं खळबळणं साठवलेल्या नळाच्या पाण्यात करा, तांब्याभर पाणी पुरतं. कपडे धुण्याची पावडर नको, सौम्य साबण थोडासाच. कुत्र्याच्या आंघोळीलाही माणसांचा साबण टाळा, त्यांच्या त्वचेचा सामू आपल्याइतका आम्लधर्मी नसतो.

उन्हाळ्यात कुत्र्याच्या मानेवर ओला रुमाल बांधणाऱ्यांनी आधी पट्टा काढावा. पट्ट्याखाली ओल अडकली की एका दिवसात ओली, चिकट जखम होऊ शकते. आंघोळीनंतर, रंगपंचमीला कोणी पाणी उडवल्यानंतर, पावसात कंबर तलावाकडून फिरून आल्यानंतर मान टॉवेलने दाबून टिपा, घासू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच पट्टा चढवा.

गोचिडीचा पट्टा

औषध मुरवलेला गोचिडीचा पट्टा ही वेगळी गोष्ट आहे. तो औषध सोडण्यासाठी कातडीला टेकलेलाच राहावा लागतो, आणि नाजूक कातडीच्या काही कुत्र्यांना नेमकं तेच सोसत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका, कारण गोळी किंवा मानेमागे सोडायचे थेंब असे दुसरे मार्ग आहेत. घातलाच तर साध्या पट्ट्याच्या खाली दाबला जाऊ देऊ नका आणि पहिले काही दिवस दोन वेळा खालची जागा बघा. लाल झाली तर काढून मान धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात मांजर असेल तर ते आधी सांगा. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांमधलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं.

राहिला नाव-नंबरचा बिल्ला. लटकता धातूचा बिल्ला मानेवर आपटत राहतो. त्याऐवजी फोन नंबर पट्ट्यावरच भरून घ्या. गणवेशावर शाळेची नावं भरणारे मशीनवाले आपल्या शहरात भरपूर आहेत, ते पट्टीवर आकडे भरून देतात. पट्टी शिवण्याआधीच हे काम करून घ्या, म्हणजे भरतकामाची उलटी बाजू आतल्या सुती पट्टीखाली झाकली जाते.